म्हैस आडवी आली, मग?

मी ३१ वर्षं कोल्हापुरात बसवर कंडक्टर होतो. गंगावेश, पापाची तिकटी, शिवाजी चौक, बिंदू चौक, दसरा चौक, व्हीनस कॉर्नर, स्टँड. झोपेतून उठवून विचारलंत तरी ओळीनं सांगेन. पण रात्री घरी आल्यावर बायको विचारायची, "आज काय झालं?" तेव्हा ही यादी मी एकदाही सांगितली नाही. सांगायचो ते हे की, पापाच्या तिकटीला म्हैस आडवी बसली, हॉर्नला दाद देईना, शेवटी एक म्हातारी गाडीतनं उतरली, म्हशीच्या कानाशी काहीतरी पुटपुटली आणि म्हैस उठली. गाडी वेळेवर पोचली तर सांगायला काही नसतं. गाडी थांबली की गोष्ट सुरू होते.

एवढी साधी गोष्ट मला नातवामुळं कळली. तो आता दहा वर्षांचा आहे. जन्माच्या आसपास त्याच्या मेंदूच्या डाव्या बाजूची एक रक्तवाहिनी तुंबली, म्हणून उजवा हात आणि उजवा पाय कडक. फायलीवर ‘हेमिप्लेजिक सेरेब्रल पाल्सी’ असं लिहिलेलं असतं. बोलायला उशिरा लागला, पण लागला. शब्द आले, वाक्यं आली, आम्ही पेढे वाटले. आणि मग एक दिवस सुनेनं त्याला विचारलं, "आबांबरोबर कुठं गेल्तास?"

"दूध कट्टा."

"मग काय केलंसा?"

"म्हैस. बादली. आबा. घरी."

सगळे स्टॉप बरोबर होते. गोष्ट नव्हती.

ज्यांच्या घरी असं पोर आहे, मग ते सेरेब्रल पाल्सीचं असो, फिट्सचं असो, ऑटिझमचं असो, त्यांच्यासाठी हे लिहितोय. मी डॉक्टर नाही. आठवड्यातून एकदा आम्ही स्पीच थेरपीला जातो, तिथल्या मॅडमनी जे शिकवलं ते उरलेले सहा दिवस घरात करून बघितलं, त्यातलं जे चाललं ते सांगतो.

मॅडमनी पहिल्यांदा आमचा एक गैरसमज काढला. आम्हाला वाटायचं, शब्द वाढले की गोष्ट आपोआप येईल. तसं होत नाही. शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१० साली एक अभ्यास छापला. जन्माआधी किंवा जन्माच्या सुमारास मेंदूला इजा झालेली ११ मुलं आणि तशी इजा नसलेली २० मुलं घेतली, त्यांना गोष्टीची सुरुवात करून दिली आणि पुढची गोष्ट रचायला सांगितली. शब्दसंग्रहाच्या आणि वाक्यरचनेच्या वेगळ्या चाचण्यांत दोन्ही गट सारखेच होते. तरीही इजा झालेल्या मुलांच्या गोष्टी आखूड निघाल्या, त्यांची बांधणी साधी निघाली, आणि गोष्टीतल्या माणसांच्या मनात काय चाललंय हे त्यांत कमी आलं. आमच्या घरातलंच वर्णन कुणीतरी अमेरिकेत बसून लिहिलंय असं वाटलं मला. लहान मेंदू एका बाजूचं काम दुसऱ्या बाजूला देऊन पुष्कळ काही सावरून घेतो, पण गोष्ट सांगताना शब्द आठवायचे, क्रम धरायचा, समोरच्याला काय माहीत आहे ते बघायचं आणि पात्राच्या मनात शिरायचं, अशी चार कामं एकाच वेळी पडतात. गर्दीच्या गाडीत तिकीट फाडायचं, सुटे द्यायचे, बेल मारायची आणि पाकीटमारावर डोळा ठेवायचा, तसं आहे ते.

आधी आठ दिवस नुसतं लिहून काढा

शिकवायची घाई करू नका. एक वही घ्या आणि पोर जे सांगेल ते त्याच्याच शब्दांत लिहा. मी जुन्या डायरीत वेबिल, म्हणजे कंडक्टरचा हिशेबाचा कागद, भरल्यासारखं लिहायचो: तारीख, कुणाला सांगितलं, काय सांगितलं. शुद्ध करून लिहायचं नाही. ‘म्हैस बादली’ म्हणाला तर ‘म्हैस बादली’च लिहायचं.

आठ दिवसांनी वाचताना तीन गोष्टी शोधा. कुठं काही बिनसल्याचं आलंय का? कुणाला काही वाटल्याचं आलंय का? आणि जो तिथं नव्हता त्याला हे कळेल का? आमच्या वहीत आठ दिवसांत ‘आणि’, ‘आन् मग’ खच्चून भरलेले होते. ‘म्हणून’ एकदाही नव्हतं. ‘पण’ एकदा होतं, तेही "पण मला दे" असं. मॅडमना ही वही दाखवली तेव्हा त्या म्हणाल्या, माझ्या अर्ध्या तासाच्या तपासणीत एवढं दिसलं नसतं.

इथं एक आडवळण घेतो. आमच्याकडं बायका, पोरी "मी आलो", "मी जातो" म्हणतात. थेरपीच्या बाकावर भेटणाऱ्या एका आईला बाहेरगावी कुणीतरी सांगितलं होतं की मुलीला लिंगभेद कळत नाही, ही चूक आहे. अहो, तिची आई तसंच बोलते, आजी तसंच बोलते! पोराच्या बोलीला दोष म्हणून लिहू देऊ नका. तपासणी करणाऱ्यांना आधीच सांगून ठेवा की आमच्या घरात ‘गेल्तो’, ‘करायलाय’, ‘न्हाई’ असंच बोलतात. गोष्ट कोल्हापुरीत सांगितली म्हणून तिची बांधणी कमी होत नाही. उलट कट्ट्यावर बसून शाहू स्टेडियमवरची मॅच सांगणारे आमचे लोक बघा. गोल कुणी मारला ते शेवटी येतं, त्याआधी पंच कुठं चुकला यावर अर्धा तास. नातवाला मी मुद्दाम त्या कट्ट्यावर नेऊन बसवतो. शिव्या ऐकू येतात, त्याला इलाज नाही.

"आज शाळेत काय झालं?" हे विचारू नका

हा प्रश्न फार मोठा आहे. दिवसभरातलं काय निवडायचं हेच पोराला कळत नाही, मग ते "काय न्हाई" म्हणतं आणि आपण म्हणतो, हे बोलत नाही. त्याऐवजी दोघं मिळून जिथं गेलात तिथूनच सुरुवात करा. तुम्हाला काय झालं ते माहीत असेल, तर पोर कुठं अडलं ते कळेल.

आमची जागा दूध कट्टा. बाहेरगावच्या लोकांसाठी सांगतो, गंगावेशीत गवळी म्हशी घेऊन येतात, समोर धार काढतात आणि फेसाळलेला ग्लास तिथंच हातात देतात. पोराला उकळल्याशिवाय दूध द्यायचं नाही ही सुनेची अट, म्हणून धारोष्ण पितो तो आबा आणि पोराचं दूध किटलीतनं घरी. दर रविवारी तीच जागा, तीच माणसं, तोच क्रम. हे महत्त्वाचं आहे. क्रम पाठ असला की पोराच्या डोक्यावरचं एक ओझं उतरतं, आणि नेहमीपेक्षा काही वेगळं झालं की ते लगेच डोळ्यात भरतं. एका रविवारी म्हशीनं लाथ मारून बादली उलटी केली. आमच्यासाठी तो सोन्याचा दिवस!

अंबाबाईच्या किरणोत्सवाचंही तसंच. नोव्हेंबरात आणि जानेवारीच्या शेवटी मावळतीची किरणं गाभाऱ्यात येतात, आधी पायांवर, मग कमरेपर्यंत, मग चेहऱ्यावर. हा झाला क्रम. ढग आडवा आला, किरणं कमरेशीच थांबली, गर्दीतनं "अरेरे" निघालं. ही झाली गोष्ट. पोराला आधी क्रम द्या, मग त्यात ढग येऊ दे.

घरी आल्यावर पहिल्यांदा तुम्ही सांगा. "मी तर दचकलोच. लाथ बसली की दूध सगळं रस्त्यावर!" एवढं म्हणून गप्प बसायचं. हे गप्प बसणं सगळ्यात अवघड. मनात दहा आकडे मोजा, हळू. आमचा नातू सातव्या-आठव्या आकड्याला तोंड उघडतो. आधी आम्ही तिसऱ्यालाच पुढचा प्रश्न टाकत होतो, म्हणजे त्याचा स्टॉप यायच्या आत गाडी पुढं न्यायची, असा प्रकार.

पाच बोटं

गोष्टीला काय काय लागतं यावर संशोधकांनी १९७०च्या दशकात बरंच काम केलं. त्यातून निघालं ते असं: कोण आणि कुठं, काय घडलं, त्यावर माणसाला काय वाटलं, त्यानं काय केलं, शेवट काय झाला. मॅडमनी याचे रंगीत कार्ड दिले होते. ते दोन आठवड्यांत हरवले. मग मी बोटं वापरली.

अंगठा: कोण, कुठं. दुसरं बोट: काय बिनसलं. मधलं: मनात काय आलं. चौथं: मग काय केलं. करंगळी: शेवटी काय झालं. नातवाचा उजवा हात मिटलेला असतो, म्हणून मी माझा पंजा पुढं करतो आणि तो डाव्या हातानं माझं एकेक बोट धरून ओढतो. बोट ओढलं की तेवढं सांगायचं. पाचही बोटं पहिल्या दिवसापासून मागू नका. पहिला महिना आम्ही फक्त दुसरं बोट आणि करंगळी घेतली: काय बिनसलं, शेवटी काय झालं. "म्हशीनं लाथ मारली. दूध सांडलं." दोन वाक्यांची गोष्ट, पण गोष्टच. स्टॉपची यादी नव्हे.

हातवारे भरपूर करा. त्याच शिकागोच्या गटानं २०१४ साली दाखवलं की सांगणाऱ्यानं हातानं दाखवत सांगितलेली गोष्ट मुलं जास्त नीट परत सांगतात, आणि मेंदूला इजा झालेल्या मुलांनाही त्याचा उपयोग होतो. मला तर बरंच झालं. मी हात न हलवता बोलूच शकत नाही.

मधलं बोट

याच्यावर आमचं दीड वर्ष गेलं, अजून चाललंय.

नातू सांगायचा, "म्हशीनं लाथ मारली, गवळी ओरडला, दूध सांडलं." गवळी का ओरडला? "ओरडला." त्याला काय वाटलं असंल? गप्प. त्याला प्रेम नाही, माया नाही असं नाही. आजी रडली की हा जाऊन तिच्या मांडीवर डोकं ठेवतो. पण दुसऱ्याच्या डोक्यातली गोष्ट शब्दात आणणं हे वेगळं काम आहे.

मराठीत एक सोय आहे, तिचा फायदा घ्या. ‘वाटलं’, ‘कळलं’, ‘आठवलं’, ‘पटलं’ हे सगळे शब्द ‘मला’, ‘त्याला’, ‘आजीला’ यांना चिकटून येतात. म्हणून दिवसभर सहज बोलताना ते पेरायचे. "आजीला वाटलं तू झोपलास." "मला आठवलंच नाही की आज सोमवार." "ड्रायव्हरला कळलं नाही की मागं म्हातारी चढतेय." प्रश्न न करता, नुसतं पेरायचं. तीन-चार महिन्यांनी नातू पहिल्यांदा म्हणाला, "मला वाटलं आबा आला." आबा आलेला नव्हता, दूधवाला होता. चुकीचं वाटणं सांगता आलं, याचा मला एवढा आनंद झाला की मी दूधवाल्याला चहा पाजला.

चुकीचं वाटणं हाच खरा मुद्दा. १९८५ साली लंडनमधल्या तीन संशोधकांनी बाहुल्यांचा एक छोटा खेळ वापरून बघितला. एक बाहुली गोटी टोपलीत ठेवून जाते, दुसरी ती काढून पेटीत ठेवते. पहिली परत आल्यावर गोटी कुठं शोधेल? ऑटिझम असलेल्या २० मुलांपैकी १६ जणांनी गोटी खरोखर होती ती जागा दाखवली. बाहुलीला ते माहीत नाही, हे त्यांच्या हिशेबात आलं नाही. आमच्या घरी आम्ही हे गुळाच्या ढेपीवर करतो. आजी गूळ फडताळात ठेवते, बाहेर जाते, मी तो उचलून पिठाच्या डब्यामागं ठेवतो. "आजी कुठं बघंल?" परीक्षा म्हणून नाही, गंमत म्हणून. पहिल्यांदा नातू पिठाच्या डब्याकडं बोट करायचा. मग आजी येऊन फडताळात हात घालून "अगंबाई, गूळ कुठं गेला?" करायची आणि तो खो-खो हसायचा. हसता हसता कळलं त्याला. एक सांगतो, या खेळात गूळ कमी होतो.

आणि पोर पहिल्यांदा खोटं बोललं तर लगेच धपाटा घालू नका. आमच्यानं ग्लास फोडला आणि म्हणाला, "मांजरानं." घरात मांजर नाही. सून चिडली, मी मात्र मॅडमना फोन करायला निघालो होतो. आपल्याला ठाऊक आहे ते दुसऱ्याला ठाऊक नसतं, हे कळल्याशिवाय खोटं बोलता येत नाही.

नवा प्रवासी

गोष्ट सांगता येणं ही अर्धी बाजू. दुसरी अर्धी म्हणजे ऐकणारा गाडीत नव्हता, हे ध्यानात ठेवणं.

जुलै २०२१च्या पुरात पंचगंगेचं पाणी आमच्या गल्लीच्या तोंडाशी आलं. त्या दिवसांत कोल्हापुरात माणूस माणसाला एकच विचारतो, "राजाराम बंधाऱ्याला किती फूट?" ३९ फुटाला इशारा, ४३ फुटाला धोका, हे इथं पोरासोरांना पाठ. नातू तेव्हा पाच-सहा वर्षांचा. आम्ही नातेवाइकांकडं हललो. पुढं कितीतरी दिवस तो पुण्याच्या मामाला फोनवर सांगायचा, "पाणी इथवर!" आणि हात छातीला लावायचा. मामाला फोनवर काय दिसणार? मामा म्हणायचा, "कुठवर रे?" हा परत "इथवर!" शेवटी रडायला यायचा.

यावर आम्ही ‘नवा प्रवासी’ खेळ काढला. नातू मला गोष्ट सांगतो, मी सगळं बघितलेलं असतं. मध्येच आजी पिशवी घेऊन ‘गाडीत चढते’ आणि विचारते, "कुठली म्हैस?" मग तिच्यासाठी परत सुरुवातीपासून, पण तिला माहीत नसलेलं घालून. "गंगावेशीतली. काळी. शिंग मोडलेली." आजीला हा खेळ इतका आवडला की आता ती आमच्या कुठल्याही बोलण्यात घुसून "कुठली म्हैस?" करते. व्हिडिओ कॉलवरून साध्या कॉलवर यायचं ते या खेळानंतर. चेहरा दिसत नसला की शब्दच लागतात.

बोलण्याची पाळी हाही याच घरातला विषय. माझं जुनं तिकीट पंच घरात पडलेलं होतं, ते आम्ही मध्ये ठेवतो. ज्याच्या हातात पंच, तो बोलणार. एक टिंग म्हणजे थांब, दोन टिंग म्हणजे चालू दे, हे त्याला माझ्यापेक्षा जास्त आवडतं. आणि विषय बदलायचा असेल तर बोर्ड बदलायचा. मॅचचं चाललेलं असताना हा अचानक जेसीबीवर जायचा, समोरचा गोंधळायचा. आता म्हणतो, "बोर्ड बदलला. जेसीबी." लोक हसतात, पण त्यांना कळतं. शाळेतल्या पोरांनाही कळतं, हे जास्त महत्त्वाचं. ‘बरं, दुसरं सांगू?’ हे सभ्य वाक्य पुढं येईल, घाई नाही.

तू-तुम्ही हा वेगळाच डोंगर. कट्ट्यावर बसवल्याचा परिणाम म्हणून नातवानं एकदा मेंदूच्या मोठ्या डॉक्टरांना "काय भावा?" म्हटलं. डॉक्टर हसले, सून जमिनीत गेली. नियम सांगून हे जमत नाही. आम्ही दारातल्या माणसांची यादी केली, कोणाला काका, कोणाला अहो, कोणाला भावा, आणि बाहेर पडायच्या आधी फक्त आज भेटणाऱ्या माणसाची तालीम करतो. एकच माणूस, एकच वाक्य.

जे पोर बोलत नाही त्याचं काय?

थेरपीच्या बाकावर एक मुलगी येते, तोंडानं शब्द येत नाहीत, डोळ्यांनी फोटोकडं बघून सांगते. तिच्याकडून मी शिकलो की गोष्टीला आवाज लागतोच असं नाही. मोबाईलवर तीन फोटो ओळीनं ठेवा: म्हैस, पडलेली बादली, ओरडणारा गवळी. पोरानं क्रम लावला, बोट ठेवलं, नजर टाकली, गोष्ट झाली. फक्त ‘पाणी’, ‘शू’, ‘भूक’ एवढेच फोटो ठेवू नका. ‘घाबरलो’, ‘फजिती’, ‘मग काय झालं?’ यांचेही ठेवा. नाहीतर ते पोर जन्मभर मागतच राहील, सांगणार कधी?

दुसरं, खिशातला पुरावा. शाळेच्या बाईंना विनंती करा की दिवसातली एक वस्तू दप्तरात टाका. फुटलेला खडू, सहलीचं तिकीट, वाळलेलं पान. संध्याकाळी ती वस्तू हातात घेऊन पोराला सुरुवात मिळते आणि आपल्याला काय विचारायचं ते कळतं. बोलणाऱ्या पोरांनाही हे लागू पडतं. आमच्या दप्तरात एकदा दुसऱ्याच कुणाची तरी चप्पल निघाली. त्यावर आठवडाभर गोष्ट चालली.

प्रत्येक पोराची अडचण एका जागी नसते, हेही सांगून ठेवतो. ऑटिझमच्या काही पोरांना बसचा नंबर, वेळ, रंग सगळं बिनचूक येतं, मधलं बोट मात्र रिकामं. अपघातात डोक्याला मार लागलेली काही मुलं उलट खूप बोलतात, पण धागा सुटतो. त्यांना पाच बोटांचा उपयोग लांबवायला नाही, आवरायला होतो. फिट येऊन गेल्यावर त्या दिवशी गोष्ट मागूच नका, झोपू द्या. आणि येत असलेली भाषा अचानक कमी झाली, पोर बोलायचं बंद झालं, तर घरगुती उपाय बाजूला ठेवून थेट मेंदूच्या डॉक्टरांकडं जा. कानाची तपासणी आधीच झालेली असावी. पुष्कळांची राहिलेली असते.

पाहुण्यांपुढं "सांग काकांना गोष्ट" करू नका. एका कार्यक्रमात नातवाला गोष्ट सांगायला उभं केलं होतं, दोन मिनिटांचा वेळ होता, त्यातलं दीड मिनिट तोंड उघडायला गेलं आणि माईक काढून घेतला. मला अजून राग आहे. पुढचे तीन महिने तो "न्हाई सांगत" एवढंच म्हणायचा. उच्चार किंवा व्याकरण गोष्टीच्या मध्ये सुधारायचं नाही, हा आमच्या घरचा दुसरा कायदा. गोष्ट संपली की आपण बरोबर वाक्य सहज म्हणून सोडून द्यायचं.

कागदपत्रांचं थोडक्यात. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यात सेरेब्रल पाल्सी, ऑटिझम, वाचा व भाषा दोष हे आहेत. ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलांना ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, काढून घ्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते, अंगणवाडीत किंवा शाळेत येणाऱ्या पथकाला विचारा. शाळेला लेखी कळवा की तोंडी उत्तराला याला वेळ जास्त लागतो. तोंडी सांगितलेलं शाळा विसरते.

आता गेल्या रविवारचं. पाऊस होऊन गेला होता, गंगावेशीत चिकचिक होती, मी घसरलो आणि गुडघा फुटला. दूध गेलं. संध्याकाळी पुण्याच्या मामाचा फोन आला, साधा कॉल. मी पंच नातवाच्या हातात दिला, पंजा पुढं केला. त्यानं बोटांकडं बघितलंही नाही. सांगितलं ते वहीत जसंच्या तसं आहे:

"मामा, आबाचा गुडघा फुटला. गंगावेशीत चिखल हुता. आबा मोबाईल बघत हुता, म्हणून घसरला. किटली सांडली. आबाला वाटलं आजी वरडंल. म्हणून आबानं आजीला सांगितलं, म्हशीनं ढकललं. पण मामा, म्हैस लांब हुती. म्हैस दोरीनं बांधलेली."

सून "घसरले म्हण" असं म्हणायला तोंड उघडत होती, मी हातानंच एक टिंग दिली. पाची बोटं आली होती, दोन ‘म्हणून’, एक ‘पण’, आणि मधलं बोट तर माझंच धरून ओढलं होतं. मी वहीत तारीख घालत होतो, तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातनं आजीचा आवाज आला.

"कुठली म्हैस हो?"

ह्या वेळी ती खेळत नव्हती.